फोटोतली मोटार आणि घराण्याची बखर

राजेरजवाड्यांच्या बखरी आपल्याकडे पुष्कळ झाल्या. साध्या घरांच्या मात्र झाल्या नाहीत. गोत्र, कुलदैवत, चारदोन श्राद्धतिथी आणि कधी काळी झालेल्या वाटणीचा एखादा पिवळा कागद, एवढ्यावर बहुतेक घराण्यांचा इतिहास संपतो. त्यापुढचे काही हवे असेल तर माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडावी लागते. तीत जुने फोटो असतात. फोटोत माणसे असतात, पण त्यांची नावे सांगणारी माणसे आता घरात नसतात. "हे बहुधा काकांचे सासरे असावेत," "ही कोण ते आईला ठाऊक होते," अशा वाक्यांनी तो बासनातला इतिहास पुन्हा ट्रंकेत जातो आणि वर्षभर पडून राहतो.

अशा वेळी मी माणसांकडे नंतर पाहतो. फोटोत कुठे मोटार उभी आहे का, ते आधी शोधतो. हे ऐकून घरातल्या बायका हसतात. पण ह्यात थट्टेचे काही नाही. आपल्या वाडवडिलांचा पोशाख फार सावकाश बदलत गेला. धोतर, लांब कोट, उपरणे आणि पगडी ह्या वेषातला गृहस्थ १९०५ सालचाही असू शकतो आणि १९३५ सालचाही. नऊवारी लुगड्यावरून तर दशक सांगणेही कठीण. वाडा, ओसरी, तुळशीवृंदावन ही तर शंभर वर्षे जशीच्या तशी. मोटारीचे तसे नाही. ती परदेशी कारखान्यातून येणारी वस्तू. तिचे रूप कारखानदारांनी दर दोनचार वर्षांनी, पुढेपुढे तर दरसाल बदलले. तेव्हा सगळ्या फोटोत साल सांगू शकणारा साक्षीदार बहुधा हाच एक असतो. आणि तो फोटोत असतोही वरचेवर, कारण दाराशी मोटार आली ही गोष्टच त्या काळी फोटो काढून घेण्याजोगी होती.

मुंबईत पहिल्या मोटारी १८९८ च्या सुमारास आल्या आणि त्यांच्या पहिल्या हिंदी मालकांत जमशेटजी टाटांचे नाव घेतले जाते. पण मध्यमवर्गाच्या फोटोत मोटार शिरली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. तिला आणण्याचे श्रेय मुख्यतः एकाच गाडीला आहे: फोर्ड कंपनीचे 'मॉडेल टी'. १९०८ ते १९२७ ह्या काळात ह्या एका नमुन्याच्या दीड कोटीहून अधिक गाड्या निघाल्या. आपल्याकडच्या डॉक्टरांनी, वकिलांनी, इनामदारांनी जी पहिली मोटार घेतली ती पुष्कळदा हीच. उंच, किडकिडीत, घोड्याच्या बग्गीची सख्खी बहीण शोभावी अशी. लाकडी आऱ्यांची चाके, वर कापडी टप, आणि पुढे रेडिएटरखाली लोंबणारे हँडल. हँडल मारून गाडी सुरू करणे हे एक शास्त्रच होते. हात उलटा झटकला तर मनगट मोडे.

पण 'मॉडेल टी' एवढे ओळखून भागत नाही, कारण एकोणीस वर्षे म्हणजे एक पिढी. मग भिंग घेऊन रेडिएटरकडे पाहावे. त्याची चौकट पितळी, झगझगीत असेल तर गाडी १९१६ किंवा त्यापूर्वीची. १९१७ च्या नमुन्यापासून तिथे काळा रंगवलेला पत्रा आला. दिव्यांकडे पाहावे. फार जुन्या गाड्यांचे दिवे कार्बाइडच्या गॅसवर चालत, वरातीतल्या बत्त्यांसारखे; त्या दिव्यांच्या पितळी तबकड्या फोटोत चटकन दिसतात. १९१५ पासून फोर्डला विजेचे दिवे आले. 'काळ्या रंगाखेरीज फोर्ड मिळत नाही' असे लोक म्हणत, तेही खरे होते ते १९१४ ते १९२५ एवढ्याच वर्षांपुरते. म्हणून फोटोतली 'टी' काळ्याहून फिकट रंगाची दिसली तर ती त्या बारा वर्षांच्या आधीची किंवा नंतरची असण्याचा, निदान पुन्हा रंगवलेली असण्याचा संभव धरावा.

सगळ्यांत मोठी खूण पुढच्या चाकांत असते. 'मॉडेल टी'च्या पुढच्या चाकांना ब्रेक नव्हता. पुढल्या चाकाच्या मध्यभागी, आऱ्यांच्या मागे, थाळीएवढा ब्रेकचा डबा दिसला की समजावे, ही 'टी' नव्हे. डिसेंबर १९२७ मध्ये फोर्डने 'मॉडेल ए' बाजारात आणले. त्याच्या चारही चाकांना ब्रेक होते आणि लाकडी आऱ्यांच्या जागी तारांची चाके. ही खूण मी मुद्दाम सांगून ठेवतो. पुढे तिचे काम पडणार आहे.

फोर्डखेरीज दुसऱ्या गाड्याही असतच. शेव्हरोलेच्या नाकावर फुलपाखरी बो-टायसारखी निशाणी असते; ती १९१३ पासूनची. एखाद्या फोटोत गाडीपेक्षा शेजारचा माणूसच मोठा दिसत असेल, तर ती 'बेबी ऑस्टिन' असण्याचा फार संभव. १९२२ ते १९३९ ह्या काळात निघालेली ही ऑस्टिन सेव्हन म्हणजे खेळण्यातली गाडी वाटे. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर सव्वासहा फूट. दोन धष्टपुष्ट काका तिच्यात बसले की तिसऱ्याने घरी थांबावे. श्रीमंतांच्या फोटोत रोल्सरॉइस दिसते. तिचा रेडिएटर ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखा, आणि १९११ पासून त्यावर पुढे झुकलेली चांदीच्या झळाळीची बाई. बॉनेटवरच्या ह्या बाहुल्या वाचता येऊ लागल्या की मोठी मौज वाटते: डॉजवर मेंढा, प्लिमथवर शिडाचे जहाज, पाँटिअॅकवर तांबड्या इंडियनाचे मस्तक.

तिसाव्या दशकात गाडीचे सगळे अंगच भरू लागले. मडगार्ड आधी पावसाळी छत्रीसारखी उघडी असत. ती चाकांना बाजूने झाकू लागली. दिवे आधी रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना दांडीवर उभे असत. ते हळूहळू मडगार्डात रुतले. फोर्डने ते १९३७ च्या गाडीत रुतवले. विलायतेच्या मॉरिस एटनेही १९३८ च्या अखेरीस निघालेल्या 'सीरिज ई'मध्ये तेच केले. त्यामुळे 'दिवे बाहेर की आत' ह्या एका प्रश्नावर पुष्कळदा चौथ्या दशकाचा उंबरठा ठरतो. फूटबोर्ड, ज्याच्यावर एक पाय ठेवून मामा लोक रुबाबात उभे राहत, तो लढाईनंतरच्या गाड्यांत आखडत आखडत नाहीसा झाला. मागाहूनच्या फोटोतले मामा बॉनेटला टेकून उभे दिसतात, त्याचे कारण हे. पाय ठेवायला जागाच उरली नाही.

लढाईच्या वर्षांचे एक ध्यानात ठेवावे. १९४२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या कारखान्यांनी खाजगी मोटारी करणे बंद केले ते १९४५ पर्यंत. म्हणून १९४३-४४ ची नवी अमेरिकन गाडी कुणी सांगू लागला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. आपल्याकडे १९४१ पासून पेट्रोल शिधापत्रिकेवर आले. ज्या फोटोत मडगार्डांच्या कडांना पांढरे पट्टे आणि दिव्यांना काळे बुरखे दिसतात, तो बहुधा त्या अंधारबंदीच्या काळातला. लढाईनंतर जीपगाड्या सर्वत्र दिसू लागल्या. फोटोतली जीप फौजेतली की नागरी, हे तिच्या तोंडावरच्या उभ्या फटी मोजून कळते: लष्करी जीपला नऊ, नागरी विलीसला सात. लहान मुलांना हे काम द्यावे. ती बिनचूक करतात.

आपल्या देशातल्या कारखान्यांचा इतिहासही ह्या फोटोंत उमटलेला असतो. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईस गाड्या जोडण्याचे काम सुरू केले. फोर्डची हिंदुस्थानातली कंपनी कॅनडाच्या फोर्डची पोरगी. अमेरिकन गाड्या असूनही त्यांचे चक्र उजव्या हाताला, ते ह्याच कारणाने. १९५० नंतरच्या दहा वर्षांत परदेशी जोडकाम मागे पडले आणि देशी कारखाने पुढे आले. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज, डीसोटो, प्लिमथ आणि मग फियाट बाहेर पडली. १९५४ पासूनच्या त्या गोलमटोल फियाटला लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटले, आणि प्रेमाने म्हटले. तिची पुढची दारे मागल्या बाजूला बिजागरी असल्याने उलटी उघडत. फोटोत नववधू दार उघडून उतरत असेल तर दाराची दिशा पाहावी. तिकडे उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सने हिंदुस्तान फोर्टीन, लँडमास्टर आणि १९५७-५८ पासून अँबॅसडर काढली. अँबॅसडर २०१४ पर्यंत निघत राहिली, म्हणून केवळ 'अँबॅसडर आहे' एवढ्यावरून साल ठरत नाही. तिच्या तोंडावरची जाळी पाहावी लागते. फियाटच्या वंशातली पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावली. तिच्यात बसलेली माणसे अजून तरुण आहेत. पण त्यांचेही फोटो एक दिवस ट्रंकेत जातील.

नंबराची पाटी दिसत असेल तर सोन्याहून पिवळे. १९३९ च्या मोटार कायद्याने प्रांतांना अक्षरे वाटून दिली. मुंबईच्या वाट्याला 'बीएम'ने सुरू होणाऱ्या मालिका आल्या. 'एमएच' आणि पुढे जिल्ह्याचा आकडा ही आजची पद्धत १९८९ पासूनची. एवढ्यावरूनही एखाद्या फोटोची अर्धशतकाने चुकलेली तारीख जागेवर येते.

आता सावधगिरीच्या गोष्टी. पहिली आणि मुख्य ही की, मोटार फक्त अलीकडची मर्यादा सांगते, पलीकडची नाही. १९२८ ची गाडी १९२६ च्या फोटोत असू शकत नाही. पण १९४० च्या फोटोत खुशाल असू शकते. आपल्याकडे गाडी मरत नसे. डॉक्टरांनी वापरून टाकलेली फोर्ड सर्व्हिस मोटार होई, आणि सरकारी एस. टी. १९४८ च्या १ जूनला पुणे ते अहमदनगर धावू लागेपर्यंत गावोगावचा प्रवास पुष्कळसा असल्याच गाड्यांवर चाले. दुसरी गोष्ट: गाडीशेजारी उभा तो गाडीचा मालक, असे समजू नये. साहेबाची गाडी, व्याह्यांची गाडी, वरातीपुरती भाड्याने आणलेली गाडी, ह्या सगळ्यांपुढे आपल्या पूर्वजांनी तितक्याच ऐटीत फोटो काढून घेतले आहेत. जत्रेतल्या फोटोवाल्याकडे तर रंगवलेली लाकडी मोटारच असे. तिच्या चाकांची सावली जमिनीवर पडत नाही, हे पाहिले की उलगडा होतो. तिसरी: चक्र डाव्या हाताला दिसले तर काच उलटी धरून फोटो छापला नाही ना, ते पाहावे. पुरुषाच्या कोटाची बटणे उलट्या बाजूला आणि पाटीवरची अक्षरे आरशातल्यासारखी दिसली की संशय मिटतो.

ह्या सगळ्या खटाटोपाचे फळ काय, असे कुणी विचारील. त्याला आमच्याच घरातली एक गोष्ट सांगतो.

माझ्या आजोबांची दोन लग्ने झाली. थोरली आजी १९२६ मध्ये तापाने गेली. तिचा एक मुलगा, माझे काका, १९२१ चे. पुढल्याच वर्षी धाकटी आजी घरात आली. माझे वडील तिचे, १९३२ चे. वडील चार वर्षांचे असताना आजोबा गेले, आणि त्यानंतर पंचेचाळीस वर्षे धाकटी आजी त्या घरात वावरली. आम्ही नातवंडांनी तिला पाहिले ते पांढऱ्या कपाळाने, डोक्यावरून पदर घेतलेली, स्वयंपाकघरातच असलेली. ती गेल्यावर ट्रंकेतून एक फोटो निघाला. मोटारीच्या फूटबोर्डाशी आजोबा उभे, शेजारी एक विशीतली बाई: नाकात नथ, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि ओठांवर हसू दाबल्याची खूण. काका तोवर वारले होते. घरातल्या मोठ्यांनी एकमुखाने सांगितले, "ही थोरली." कारणही दिले: धाकटीच्या कपाळावर कुंकू कुणाला आठवतच नव्हते. फोटो मोठा करून चौकटीत बसवला. दर वर्षी पितृपक्षात अविधवा नवमीला, सवाष्ण गेलेल्या त्या थोरलीसाठी, त्या फोटोला हार घातला जाऊ लागला.

चौकटीत बसवताना फोटोवाल्याने कडा कापल्या होत्या. त्यात गाडीचे पुढले चाक गेले. मूळ लहान प्रत ट्रंकेत तशीच होती. बऱ्याच वर्षांनी ती माझ्या हाती आली तेव्हा मी भिंग लावले. चाक तारांचे होते. तारांच्या मागे ब्रेकचा डबा स्वच्छ दिसत होता, आणि रेडिएटरवर फोर्डचे लंबगोल पदक. 'मॉडेल ए'! जी गाडी १९२७ च्या डिसेंबरात अमेरिकेत प्रथम लोकांपुढे आली, तिच्या शेजारी १९२६ मध्ये वारलेली बाई उभी राहू शकत नाही. ती धाकटी होती. लग्न होऊन नुकतीच आलेली, मोटारीत पहिल्यांदाच बसून आलेली असावी, आणि हसू आवरत असलेली. जिला आम्ही जन्मभर पांढऱ्या कपाळाने पाहिले, तिचे तारुण्य आमच्याच भिंतीवर लटकत होते. फक्त त्याखाली नाव दुसरीचे होते.

वडिलांना मी हे सांगितले तेव्हा ते पंचाहत्तरीच्या घरात होते. त्यांनी प्रत हातात घेतली, चष्मा काढला, पुन्हा लावला. "आई अशी हसायची?" एवढेच ते म्हणाले.

पण मग थोरलीचे काय? एकीला तिचा चेहरा परत देताना दुसरीचा मी हिरावून घेतला होता. म्हणून पुन्हा ट्रंक उपसली. एका डागाळलेल्या फोटोत घरची सगळी मंडळी एका सर्व्हिस मोटारीपुढे बसलेली सापडली. कुठल्याशा यात्रेला निघालेली असावीत. कडेला एक बाई, मांडीवर वर्षभराचे मूल. गाडी 'मॉडेल टी', काळ्या रेडिएटरची; म्हणजे १९१७ च्या आधीची नव्हे. पण ती १९३३ मध्येही धावत असू शकली असती, आणि मग मांडीवरचे मूल माझे वडीलही असू शकले असते. गाडी ह्यापुढे मदत करीना. मदत केली ती मधोमध काठी टेकून बसलेल्या पणजोबांनी. त्यांची श्राद्धतिथी घरात पाळली जाते आणि साल कुळाच्या वहीत आहे: १९२४. म्हणजे फोटो त्याआधीचा. मूल काका, आणि बाई थोरली. तिने मान बाळाकडे वळवली आहे. पदराआडून गाल, कानातली कुडी आणि हनुवटी एवढेच दिसते. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या त्या बाईचे एवढेच रूप जगात उरले आहे. पण ते तिचे स्वतःचे आहे.

आता भिंतीवर दोन चौकटी आहेत आणि खाली दोन नावे. अविधवा नवमीचा हार त्या अर्ध्या चेहऱ्याला घालतात.

ह्या दोन्ही फोटोंत आणखी एक माणूस आहे. बॉनेटच्या पलीकडे, अर्धा कापला गेलेला, टोपीवाला. तो ड्रायव्हर. गाडीचे नाव, साल, चाकांचे आरे, सगळे मला सांगता येते; त्याचे नाव सांगता येत नाही. असे माणूस जवळजवळ प्रत्येक मोटारीच्या फोटोत असते. त्याच्या घरी कदाचित हाच फोटो असेल आणि तिथे आमची माणसे 'कुणीतरी शेटलोक' म्हणून ओळखली जात असतील.

दिवाळीला घरोघर माणसे जमतात. त्यांत एखादी नव्वदीची आत्या, एखादे ऐंशीचे काका असतातच. फराळाची ताटे उचलली की ट्रंक खाली काढावी. नावे विचारावीत, आणि ती फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने लिहावीत. शाईने नव्हे, ती पुढे उतरते. फोनवर प्रती काढून ठेवाव्यात, पण मूळ फोटो चौकटीसाठी कापू नयेत. चाक, पाटी, उंबऱ्याशी उभे असलेले अनोळखी पोर, जे निरुपयोगी म्हणून आपण कापून टाकतो, त्यातच कुणाचे तरी नाव अडकलेले असते. गाडी तुम्हांला ओळखता आली नाही तरी चालेल. ती ओळखणारा कुणी पुढे भेटेल. आत्या मात्र पुढच्या दिवाळीला भेटेलच, असा भरवसा नाही; तेव्हा आधी तिला विचारावे.